नेमका पिवळा कोणता?

रणगाड्यांची मॉडेल्स बनवणाऱ्या मंडळींत एक वाद कधी संपत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांचा 'डुंकेलगेल्ब', म्हणजे गडद पिवळा, नेमका कसा होता? एक म्हणतो हिरवट, दुसरा म्हणतो वाळूसारखा. मग रंगाच्या बाटल्यांचे नंबर एकमेकांच्या तोंडावर फेकायला सुरुवात! माझ्या एका मित्राने तर या धास्तीपायी टायगरचं किट वर्षभर न रंगवता ठेवलंय.

मला विचाराल तर शेडचा नंबर नंतरची गोष्ट. आधी तारीख आणि ठिकाण ठरवा.

आता बघा, १९४२ मध्ये लेनिनग्राडजवळ टायगर पहिल्यांदा लढाईत उतरला, तेव्हा तो गडद राखाडी होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये हुकूम निघाला की यापुढे मूळ रंग पिवळा. त्यामुळे जुलै १९४३ च्या कुर्स्कच्या लढाईत टायगर पिवळे दिसतात. त्यावर मारायचा हिरवा आणि तांबूस तपकिरी रंग पेस्टच्या स्वरूपात तुकड्यांना मिळायचा. तो पाणी किंवा पेट्रोल घालून पातळ करायचा. हातात पेट्रोल आहे की पाणी, स्प्रे गन आहे की नुसता ब्रश, यावर शेड बदलणारच. वर धूळ, ऊन, चिखल. स्पेसिफिकेशन एक आणि प्रत्यक्षात चालतंय वेगळंच, हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको :)

शिवाय १:३५ चं मॉडेल एक मीटरवरून बघणं म्हणजे खरा रणगाडा ३५ मीटरवरून बघणं. एवढ्या अंतरावर रंग फिकट वाटतो. म्हणून अस्सल शेड जशीच्या तशी लावली तर मॉडेल काळपट दिसतं आणि बरेच जण त्यात थोडा पांढरा मिसळतात.

मग काहीही चालेल का? अजिबात नाही! किंग टायगर रणांगणावर आला तो १९४४ मध्ये. त्याला राखाडी रंग फासला तर ती चूकच, आणि ती तारखेनिशी दाखवता येते. जुन्या कृष्णधवल फोटोत शेड कळत नाही, पण पट्टे कुठे होते आणि रंग कुठे उडाला होता ते दिसतं. तेवढं नीट पाळलं तरी पुष्कळ झालं.

शेल्फवरचं मॉडेल बघणारा माणूस तेच खरं धरून चालतो. त्याला खोटा इतिहास दाखवू नका. पण हिरवट की वाळूसारखा, एवढ्यासाठी किट खोक्यात सडवूही नका.