आत काय आहे, ते तरी सांगा!

सेमिस्टरची परीक्षा जवळ आली की आमच्या रूमवर दोन गोष्टींची टंचाई होते. झोपेची आणि कॉफीची. यंदा आम्ही चौघींनी ठरवलं, वर्गणी काढायची आणि एक कॉफी मेकर घ्यायचा. माझी फक्त एक अट होती. गरम पाणी ज्या ज्या भागाला लागतं, त्यातला एकही भाग प्लास्टिकचा नको. रूममेट्सनी हात जोडले. ‘सेवाग्राम रोडवर राहतेस म्हणून काय गांधीजी झालीस का गं?’

गांधीजींना तर कॉफीच नको होती! चहा-कॉफी शरीराला गरजेची नाही, असं त्यांनी लिहून ठेवलंय. परीक्षेच्या काळात ते जमणार नाही, त्याबद्दल माफी असावी. पण माझी अट आली ती आयआयटी खरगपूरच्या एका अभ्यासातून. 2020 मध्ये तिथल्या संशोधकांनी कागदी कपात गरम पाणी ओतून पंधरा मिनिटं ठेवलं. 100 मिलिलिटर पाण्यात प्लास्टिकचे सुमारे 25 हजार सूक्ष्म कण सापडले. कागदी कप गळू नये म्हणून त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला असतो. कण सुटतात ते तिथून.

हे कण पोटात गेल्यावर नेमकं काय करतात, यावर अजून संशोधन सुरू आहे. पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोप्लास्टिकबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनंही 2019 मध्ये ‘आणखी अभ्यास हवा’ असंच म्हटलं होतं. म्हणून मी कुणाला घाबरवत नाहीये. पण जे कळलेलं नाही, ते रोज चार वेळा पोटात कशाला घालायचं, एवढाच माझा साधा प्रश्न.

मग शोध सुरू झाला. ड्रिप मशीन पाहिलं. पाण्याची टाकी प्लास्टिकची, पावडर ठेवायची टोपली प्लास्टिकची, झाकणही प्लास्टिकचं. इलेक्ट्रिक केटल पाहिली. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘स्टेनलेस स्टील’. झाकण उघडलं तर ते आतून प्लास्टिकचं, आणि पाणी किती आहे ते दाखवणारी उभी पट्टीसुद्धा प्लास्टिकची. वाफ जाऊन लागते ती नेमकी तिथंच. मोका पॉट आवडला होता, पण बहुतेक ॲल्युमिनियमचे, आणि आमच्या रूमवर इंडक्शन. त्यावर साधं ॲल्युमिनियम चालत नाही. स्टीलचा मिळतो, पण तो आमच्या बजेटच्या बाहेर. फ्रेंच प्रेस काचेचा. आमच्या रूमवर काचेच्या वस्तूचं आयुष्य साधारण एक आठवडा.

खरी चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. खोक्यावर वॅट असतात, लिटर असतात, वॉरंटी असते. पाण्याला लागणारा भाग कशाचा बनलाय, हे मी पाहिलेल्या एकाही खोक्यावर धड लिहिलेलं नव्हतं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, ‘चांगल्या क्वालिटीचं आहे.’ ऑनलाइन विचारलं, ‘आतली बाजू कशाची आहे?’ उत्तर आलं, ‘येस, नाइस प्रॉडक्ट.’ काही ठिकाणी ‘बीपीए फ्री’ असा शिक्का दिसला की आपण खूश होतो. त्याचा अर्थ एवढाच, की त्या प्लास्टिकमध्ये ते एक रसायन नाही. प्लास्टिकच नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

शेवटी हार मानून आम्ही बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानात शिरलो. निदान एक स्टीलचं पातेलं तरी घेऊ म्हटलं. आमची कहाणी ऐकून काकांनी वरच्या फळीवरून धूळ झटकत एक वस्तू काढली. ‘कायले पाह्यजे मशीन? हे घेऊन जा पोरीहो. याच्यात बिघडाले काहीच नाही.’

तो होता साधा दक्षिणेकडचा कॉफी फिल्टर. एकावर एक बसणारे स्टीलचे दोन डबे, वरच्या डब्याच्या बुडाला बारीक भोकं, आत दांडीची एक चकती आणि वर झाकण. बस. पावडर टाका, चकतीनं हलकेच दाबा, वरून उकळतं पाणी ओता आणि पंधरा-वीस मिनिटं अभ्यास करा. खाली थेंबथेंब दाट अर्क जमतो. गरम दूध घातलं की कॉफी तयार. वायर नाही, बटण नाही, लाइट जायची भीती नाही. एकीच्या वर्गणीत फिल्टर आला, उरलेल्या तिघींच्या वर्गणीत महिनाभराची कॉफी पावडर.

माझा विजय दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकला. कॉलेजसमोरच्या टपरीवर चहा घेतला, तो कागदी कपात. शेजारचा एक जण ऑफिससाठी पार्सल नेत होता, उकळता चहा पातळ पिशवीत, वरून गाठ. आपल्या राज्यात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे बरं का! आणि रूमवर येऊन पाहते, तर आमची रोजची चहाची गाळणीसुद्धा प्लास्टिकची. मशीनच्या मागे मी महिनाभर फिरले आणि हातातला कप पाहिलाच नाही.

टपरीवाल्या भाऊंना विचारलं, काचेचे ग्लास कुठं गेले? ते म्हणाले, ‘कोरोनानंतर तुम्हीच मागाले लागले डिस्पोजल. आता ग्लास धुवाले माणूस कुठून आणू?’ त्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. मागणी आपली होती. उन्हाळ्यात पाण्याचाही प्रश्न असतो. पण मागणी आपण बदलली, तर पुन्हा तीही बदलू शकतेच ना?

आपण वर्ध्याची मुलं. ग्रामोद्योग संघाचं काम 1934 पासून इथल्याच मगनवाडीत सुरू झालं. मगन संग्रहालयाचं उद्घाटन गांधीजींनी 30 डिसेंबर 1938 रोजी केलं. लंडन आणि न्यूयॉर्कला शिकून आलेले अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा इथं बसून विचार करत होते, की वस्तू कशाची बनते, कोण बनवतं, त्यातून कुणाचं पोट भरतं. रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगनदीप इथलाच. शाळेच्या सहलीत आपण हे सगळं रांगेत उभं राहून पाहिलं आणि बाहेर येऊन चिप्सचं पाकीट फोडलं. पण त्यांचे प्रश्न आज केटलच्या खोक्याला विचारून बघा, किती ताजे वाटतात! आमचा फिल्टर उद्या चेपला तरी मोडीत वजनावर जाईल आणि पुन्हा भांडं होईल. मशीनची टाकी तडकली तर ती जाणार कुठं?

म्हणून माझं म्हणणं असं. पाण्याला आणि अन्नाला लागणारा प्रत्येक भाग कशाचा आहे, हे खोक्यावर लिहिणं कंपन्यांना सक्तीचं हवं. औषधावर घटक लिहितात, बिस्किटावर लिहितात, मग केटलवर का नाही? कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये स्टीलचे ग्लास परत यावेत, आणि ते विसळायला आपण विद्यार्थ्यांनी लाजू नये. पार्सल न्यायचं असेल तर थर्मास किंवा किटली न्यावी. घरातली गाळणी बदलायला तर कुठलाच कायदा लागत नाही. स्टीलची गाळणी त्याच काकांकडे मिळते, आम्ही आणली.

आणि हो, आता रोज सकाळी आम्ही चौघी टपरीवर आपापले स्टीलचे ग्लास घेऊन जातो. पहिल्या दिवशी भाऊ हसले होते. परवा पाहिलं तर गल्ल्याशेजारी काचेचे सहा ग्लास उपडे घालून ठेवले होते. मी विचारलं, ‘हे कोणासाठी?’

‘जो मागन त्याच्यासाठी,’ भाऊ म्हणाले.