साप पाळायचा, पण कुणी आणि कुठे?

गेल्या पावसाळ्यात एका वाडीवर भाताची शेतीशाळा आटोपून निघालो होतो. तेवढ्यात एका तरण्या पोराने हाक मारली आणि प्लास्टिकची बरणी पुढे केली. आत फुरसे. वेटोळे करून खवल्यावर खवले घासत होते. लाकडावर करवत चालावी तसा आवाज बरणीतूनही येत होता. पोरगा म्हणाला, "साहेब, शेळीपालनाला अनुदान आहे, मग सापपालनाला नाही का? अमेरिकेत लोक वाळवंटातले विषारी साप पाळतात, त्यांची पिल्लं काढतात. मोबाईलवर बघितलंय. विषाला सोन्याचा भाव आहे म्हणतात."

लोक हसले. मला हसू आले नाही. त्याच पोराच्या आईला आदल्या वर्षी सड्यावर गवत कापताना फुरसे चावले होते. हिरड्यांतून रक्त यायला लागले, तालुक्याला नेले, औषधाच्या कुप्यांमागून कुप्या द्याव्या लागल्या. बाई वाचली, बोट गेले. म्हणून त्याचा प्रश्न मी थट्टेवारी नेला नाही. शेतकरी बंधूंनो, तुम्हीही नेऊ नका.

आधी अमेरिकेचे पाहू. तिथल्या ॲरिझोना राज्यातल्या वाळवंटात रॅटलस्नेक नावाचे साप आहेत. शेपटीच्या टोकाला खुळखुळा असतो. कात टाकली की त्याला एक कडी वाढते. आपले फुरसे खवले घासून बजावते, तो साप खुळखुळा वाजवून बजावतो. दोघेही अंडी घालत नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात. हे साप बंदिस्त जागेत ठेवून त्यांची पैदास करणारे लोक तिथे आहेत, हे खरे. पण ते काम बरणीतले नाही. कुलूपबंद पेटी, एका अंगाला ऊब आणि दुसऱ्या अंगाला गारवा, खायला उंदीर, हाताळायला लांब आकडा. जोडी लागावी म्हणून हिवाळ्यात काही आठवडे त्यांना मुद्दाम थंडाव्यात ठेवतात. आणि जो जाणता पाळणारा आहे, तो प्रत्येक सापाची नोंद ठेवतो: हा कुठल्या भागातला, आई कोण, बाप कोण.

ही नोंद कशाला? तिथेच खरी मेख आहे. मोहावी रॅटलस्नेक नावाची एक जात आहे. ॲरिझोनात बऱ्याच ठिकाणी तिचे विष मज्जातंतूंवर घाला घालते. पण फिनिक्स आणि टुसॉन या शहरांच्या दरम्यानच्या पट्ट्यात त्याच जातीचे विष वेगळे निघते. ते रक्तस्राव घडवते आणि मांस नासवते. साप तोच, जात तीच, मुलूख बदलला की विष बदलले. आपल्याकडे एकाच नावाचे भात घाटावर एक आणि खाडीकाठी दुसरेच वागते, तसलाच प्रकार. अमेरिकेत २००० साली मान्यता मिळालेले एक सर्पदंशावरचे औषध चार जातींच्या सापांचे विष मेंढ्यांना टोचून तयार करतात. त्या चारांत या मोहावी सापाला मुद्दाम जागा दिली आहे.

आता आपल्याकडे या. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर मिळून एकच औषध आपण वापरतो. विष थोडे थोडे वाढवत घोड्यांना टोचतात आणि त्यांच्या रक्तातून औषध काढतात. मुंबईच्या हाफकिनचे नाव या कामाशी कित्येक वर्षे जोडलेले आहे. पण देशातल्या या औषधासाठी लागणारे विष बहुतांशी येते तामिळनाडूतून. तिथल्या इरुला आदिवासींची साप पकडणाऱ्यांची सहकारी संस्था १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने उभी राहिली. साप पकडायचा, काही आठवडे मडक्यात ठेवायचा, विष काढायचे, पोटाच्या खवल्यावर खूण करायची आणि सोडून द्यायचा. या संस्थेचे दोन सर्पज्ञ, वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन, यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाला हात जोडावेत असेच ते काम आहे.

तरीही प्रश्न उरतोच. विष तिथले आणि दंश इथला. वेगवेगळ्या राज्यांतल्या एकाच जातीच्या सापांच्या विषात फरक असतो आणि औषधाचा गुण सगळीकडे सारखा येत नाही, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिले आहे. याचा अर्थ औषध फुकट आहे असा कुणी काढू नये. विष उतरवायला आज तेच एक औषध आहे आणि ते जितके लवकर मिळेल तितके बरे. पण बियाण्याच्या पिशवीवर टॅग नसेल तर आपण दुकानदाराशी भांडतो. मग आपल्या औषधातले विष कुठल्या मुलखातल्या सापाचे, हे का विचारू नये? २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने गेली, असा एका अभ्यासाचा अंदाज आहे. यातली बहुतेक माणसे खेड्यातली, म्हणजे तुमची-आमचीच.

म्हणून माझे मत असे. महाराष्ट्रात सरकारी देखरेखीखाली विषारी साप पाळण्याचे आणि त्यांची पैदास करण्याचे पक्के केंद्र हवे. कोकणच्या कातळावरचे फुरसे, घाटावरची घोणस, विदर्भातला नाग आणि मण्यार, प्रत्येकाचा जन्मदाखला लिहून ठेवलेला. काही जण म्हणतील, "साप काय कमी आहेत, म्हणून जन्माला घालायचे?" त्यांना सांगतो, १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात बक्षीस लावून थोड्याच दिवसांत लाखावर फुरशी मारली, तरी फुरसे संपले नाही आणि दंशही थांबला नाही. शिवाय दरवर्षी रानातले साप उपसत राहिलो, तर उंदरांचा बंदोबस्त कोण करणार? केंद्रात जन्मलेल्या सापाचा मुलूख ठाऊक, वय ठाऊक, आजार ठाऊक. खर्च होईल, वेळ लागेल. संकरित गाईलाही लागलाच होता.

पण हे काम घराच्या पडवीत होणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. परवानगीशिवाय साप पकडून ठेवणे हा गुन्हा, विष विकणे त्याहून मोठा. एका फुरशाचे विष वाळवले तर मोजके मिलिग्रॅम भरते, आणि परवाना नसलेल्याचे विष कुठलाही औषध कारखाना घेत नाही. सोन्याच्या भावाची गोष्ट सांगणारा तुम्हाला तुरुंगात किंवा सरणावर पोचवील.

सरपंच, पोलीस पाटील यांनी एवढे करावे. गावात कुणी साप धरून ठेवला असेल तर वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. दंश झाला तर १०८ ला फोन. जखमेला चिरा नको, करकचून बांधणे नको, मांत्रिक तर नकोच. आणि पुढच्या ग्रामसभेत एक ठराव घ्यावा: आमच्या भागातल्या सापांच्या विषावर औषध हवे आणि त्यासाठी राज्यात केंद्र हवे.

त्या दिवशी वनरक्षकाला बोलावून आम्ही फुरसे त्याच्या स्वाधीन केले. पोरगा म्हणाला, "साहेब, तसलं केंद्र निघालं तर मला तिथं काम मिळेल का?" मी म्हटले, आधी बारावी हो. पण खरे सांगतो, तसल्या केंद्राला असलीच पोरे लागणार आहेत.