चिंध्यांच्या पंखांचा घोडा

“टीचर, खेलना तो घर पे भी होता. यहां पढाओ ना.”

मागच्या पालकसभेत एका मुलीच्या अब्बांनी मला सुनावलं. ऑटोची सकाळची कमाई बुडवून ते आले होते, त्यामुळे त्यांचा राग मी हलका धरत नाही. राग होता माझ्या वर्गातल्या एका खोक्यावर.

त्या खोक्यात बाटल्यांची झाकणं, चिंचोके, रिकाम्या आगपेट्या, तुऱ्हाट्या, पुठ्ठे आणि शिंप्याकडच्या चिंध्या आहेत. आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा तास, दुसरीची मुलं त्यातून हवं ते मांडतात. मी विषय देत नाही, नमुनाही दाखवत नाही. त्या दिवशी सभेत नीट उत्तर देता आलं नाही, ते इथे देते.

पहिली गोष्ट भाषेची. आमची शाळा उर्दू माध्यमाची. मराठीच्या तासाला उभं केलं की मुलांचा घसा कोरडा पडतो. पण पुठ्ठ्याची एस.टी. झाली की कंडक्टर आपोआप ओरडतो, “चला पातूर, पातूर! सुटे पैसे द्या!” एस.टी.चा कंडक्टर मराठीतच बोलतो, हे सात वर्षांच्या मुलाला पक्कं ठाऊक असतं. दादी झालेली मुलगी उर्दूत हुज्जत घालते, तो मराठीत ऐकवतो. माझ्या कुठल्याही धड्याने हे साधलं नव्हतं.

दुसरी गोष्ट सांगणं अवघड आहे. 13 मे 2023 च्या रात्री आमच्या जुन्या शहरात दंगल झाली. एक जीव गेला, जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा चार मुलांनी झाकणांच्या दोन रांगा समोरासमोर लावल्या. मध्ये आगपेट्या, म्हणजे पोलिसांच्या गाड्या. एकाने सगळ्यांवर काळी चिंधी पांघरली आणि हळूच म्हणाला, “लाइट मत लगाओ.”

मी घाबरले. कुणी पाहिलं तर काय म्हणेल? झाकणं खोक्यात भरली आणि पाढे सुरू केले. ती माझी चूक होती. मुलांनी पोटातली भीती जमिनीवर मांडली होती, मी ती परत आत ढकलली. पुढच्या आठवड्यात त्यांनी तेच मांडलं. या वेळी मी गप्प बसून पाहिलं. असं बरेच दिवस चाललं. मग एकदा त्याच झाकणांची चहाची टपरी झाली. भीती संपली असं मी म्हणणार नाही, पण ती सांगायला त्यांना जागा मिळाली.

खेळ म्हणजे वेळेची नासाडी, असं आपल्यात काही जण दीनच्या नावानेही सांगतात. त्यांनी अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस आठवावी. हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांमध्ये एक घोडा होता, त्याला चिंध्यांचे दोन पंख होते. घोड्याला पंख कसे, असं प्रेषितांनी (स.) विचारलं. सुलैमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते हे ऐकलं नाही का, असा उलट प्रश्न आला. प्रेषित (स.) मनमोकळे हसले. घोडा काढून घेतला नाही की पंख उपटले नाहीत.

आपल्या महाराष्ट्रातही ही वाट नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी महागडी साधनं बाजूला ठेवली. पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हेच साहित्य केलं. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही 3 ते 8 वर्षांच्या मुलांसाठी खेळालाच शिकण्याचा मार्ग मानतो. आमची दुसरी त्यातच येते.

आणि घरी खेळ होतो, हे तरी किती खरं? एका खोलीत सहा माणसं, बाहेर गल्लीत गाड्या, आणि हातात मोबाइल. मोबाइलमधला घोडा दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला असतो.

वाचन, पाढे, इम्ला सगळं चालूच आहे. आठवड्यातला दीड तास फक्त मी मागते आहे. त्या अब्बांना एवढीच विनंती: पुढच्या वेळी ऑटो बाहेर लावून अर्धा तास वर्गात मागे बसा. तुमची मुलगी मराठीत तिकीट फाडताना ऐका, मग मला रागवा.