कॅज्युअल्टीत गर्दी आहे म्हणजे नक्की किती?

आमच्या ऑफिसात एखादी सिस्टीम स्लो झाली की पाच मिनिटांत कोणीतरी ग्राफ उघडून बसतो. रांगेत किती रिक्वेस्ट आहेत, सगळ्यात जुनी केव्हापासून अडकली आहे, कुठल्या टप्प्यावर तुंबलंय, सगळं समोर दिसतं. बूट आणि मोबाईल कव्हर विकणाऱ्या साइटसाठी हा थाट! आणि छातीत दुखतंय म्हणून आलेला माणूस कॅज्युअल्टीत ट्रॉलीवर किती वेळ पडून आहे असं विचारलं, तर काय उत्तर मिळतं? "आज फार गर्दी आहे हो."

फार म्हणजे किती? कालच्यापेक्षा जास्त? धोकादायक म्हणावी इतकी? माझी मावसबहीण एका मोठ्या हॉस्पिटलात कॅज्युअल्टी मेडिकल ऑफिसर आहे. तिला हे विचारलं तर म्हणाली, "अरे, मी दारातून आत पाऊल टाकलं की मला कळतं." खरं आहे, तिला कळतं. पण तिला कळलेलं वरच्या मजल्यावर पोचत नाही, कारण वर फक्त आकडे वाचले जातात आणि हा आकडा कोणी काढतच नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, डोकी मोजा. इथेच पहिली गोची आहे. आपल्याकडे एका पेशंटबरोबर चार नातेवाईक असतात, दोन शेजारी आणि एखादा 'साहेबांना फोन लावतो'वाला वेगळा. बाहेरच्या बाकड्यांवरच्या डोक्यांवरून फार तर चहाच्या टपरीचा धंदा कळेल. पण समजा फक्त पेशंट मोजले, तरी आकडा अर्धवटच राहतो.

रांगांच्या शास्त्रात जॉन लिटल यांचा एक नियम आहे. त्याची सिद्धता त्यांनी १९६१ मध्ये दिली. आत सरासरी किती माणसं असतील? येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी वेळ. बस्स, एवढंच. तासाला ६ पेशंट येतात आणि प्रत्येक जण सरासरी ३ तास आत असतो, तर कोणत्याही क्षणी आत १८ पेशंट सापडतील. तेच ५ तास राहायला लागले तर ३०. दारातून एकही जादा माणूस आला नाही, तरी कॅज्युअल्टी खचाखच भरली!

म्हणून "लोक उगाच सर्दी-खोकल्यासाठी कॅज्युअल्टीत येतात, त्यांना आवरा" हे ऐकलं की मला राग येतो. येत असतील काही, दुपारी ओपीडी बंद झाल्यावर जातील कुठे बिचारे? पण सर्दीवाला अर्ध्या तासात गोळ्या घेऊन घरी जातो. जागा अडते ती ज्याला अॅडमिट करायचं ठरलंय पण वर वॉर्डात खाट नाही, त्याच्यामुळे. इंग्रजीत याला बोर्डिंग म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर वर जागा नाही म्हणून खालीच ताटकळणं.

आणि वर जागा का नाही? बऱ्याचदा खाटेवरचा पेशंट सकाळीच बरा ठरलेला असतो. डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिलेला असतो. पण फाइल बिलिंगला, बिलिंगवरून टीपीएकडे, तिथून एक 'क्वेरी' परत... तुमच्यापैकी ज्यांनी कंपनीच्या मेडिक्लेमवर आईबाबांचं ऑपरेशन केलंय त्यांना ही दुपार तोंडपाठ असेल. कॅशलेसचं अंतिम उत्तर तीन तासांत द्यावं असं आयआरडीएआयने २०२४ मध्ये विमा कंपन्यांना सांगितलं, ते उगाच नाही. म्हणजे बघा, कॅज्युअल्टीतल्या आजोबांची ट्रॉली अडली आहे ती चौथ्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी बिलापाशी.

हे सगळं एका आकड्यात बसवायचा प्रयत्न अमेरिकेत झाला. त्याचं नाव नेडॉक्स, २००४ सालचा. यात पाच गोष्टी घालतात. कॅज्युअल्टीतले पेशंट भागिले तिथल्या खाटा (गुणिले ८५.८), वर जायला थांबलेले पेशंट भागिले हॉस्पिटलच्या एकूण खाटा (गुणिले ६००), कॅज्युअल्टीत चालू असलेले व्हेंटिलेटर (गुणिले १३.४), अॅडमिटसाठी सगळ्यात जास्त ताटकळलेल्याचे तास (गुणिले ०.९३), आणि शेवटच्या पेशंटला खाट मिळेपर्यंत लागलेले तास (गुणिले ५.६४). बेरीज करून २० वजा. पट्टी ० ते २००. शंभरच्या वर गेलं की 'ओव्हरक्राउडेड', १४० च्या वर गंभीर आणि १८० च्या वर धोकादायक.

घाबरू नका, एक उदाहरण करून बघू. काल्पनिक हॉस्पिटल, ३०० खाटा. कॅज्युअल्टीत २० खाटा आणि ३२ पेशंट. त्यातले ९ वॉर्डाची वाट बघतायत, त्यांच्यातलेच दोघे व्हेंटिलेटरवर. सगळ्यात जुना १० तासांपासून. शेवटच्याला खाट मिळायला दीड तास लागला. उत्तर येतं साधारण १८०, म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर. आता ते ९ जण वर गेले असं समजा, बाकी काहीही बदलू नका. उत्तर ८७! दारावर एकालाही अडवलं नाही, एकही नवा डॉक्टर नेमला नाही, आणि पट्टीवरची जागा 'प्रचंड कामात, पण ओव्हरक्राउडेड नाही' इथे आली.

आता तिसरा प्रयोग, खास सरकारी डोक्याचा. ते ९ जण खालीच राहू द्या. कॉरिडॉरमधल्या १० ट्रॉल्यांवर रंगाने नंबर टाका आणि परिपत्रक काढा की आजपासून आपल्याकडे ३० खाटा आहेत. उत्तर १३४. पेशंट तेच, नर्स तेवढ्याच, ताटकळणं तेवढंच, आणि गर्दी एका परिपत्रकाने एक पायरी उतरली :)

म्हणून मला ही पट्टी जशीच्या तशी इथे आणायला नको वाटते. ती बनली कशी तेही मजेदार आहे. तिकडच्या डॉक्टर आणि नर्सना ठरावीक वेळी विचारलं, "आत्ता किती गर्दी वाटते?", आणि त्या 'वाटण्या'शी जुळतील असे गुणक काढले. म्हणजे फिरून आमच्या ताईच्या "पाऊल टाकलं की कळतं"पाशीच आलो, फक्त दशांशचिन्ह लावून. यात मला काही वावगं वाटत नाही, पण ते वाटणं तिथल्या टीचिंग हॉस्पिटलांतल्या लोकांचं होतं. आपल्याकडे एक नर्स किती ट्रॉल्या सांभाळते हे त्या सूत्रात कुठेच नाही.

दुसरा धडा इंग्लंडचा. तिथे नियम केला की पेशंटचा ४ तासांत निकाल लागलाच पाहिजे, घरी तरी पाठवा नाहीतर अॅडमिट तरी करा. २००४ मध्ये लक्ष्य होतं ९८ टक्के, २०१० मध्ये ते ९५ वर आणलं. हेतू चांगला होता आणि सुरुवातीला फायदाही झाला. पण पेशंट किती मिनिटांनी बाहेर पडले याचा आलेख काढला तर ४ तासांच्या जरा आधी एक सुळका उभा! आजार काही २३५ व्या मिनिटाला बरा होत नाही. लोक घड्याळाकडे बघून हलवले जात होते. आणखी एक आकडा होता, १२ तासांपेक्षा जास्त ताटकळलेल्यांचा. त्याचं घड्याळ अॅडमिटचा निर्णय नोंदल्यापासून सुरू व्हायचं. निर्णय उशिरा नोंदला की घड्याळ उशिरा सुरू. पेशंट पोचल्यापासूनचे आकडे दरमहा छापायला २०२३ उजाडलं. आणि ते ९५ टक्के? २०१५ नंतर गाठलेलेच नाहीत.

आपल्याकडे काय होतं? २०२३ च्या ऑगस्टमध्ये कळव्याच्या हॉस्पिटलात २४ तासांत १८ मृत्यू झाले, आणि दोन महिन्यांच्या आत नांदेडला २४ तासांत २४. तेव्हा मंजूर खाटा किती आणि पेशंट किती हा भागाकार पेपरात आला. हा भागाकार रोज, दर तासाला करता येतो. त्यासाठी माणसं मरायची वाट बघावी लागत नाही.

"मग डॅशबोर्ड करू की!" असं आमच्यातला कोणीतरी लगेच म्हणणार. २०२१ च्या एप्रिलमधले बेडचे डॅशबोर्ड आठवतात ना? स्क्रीनवर चार खाटा रिकाम्या, आणि फोन केला की "त्या सकाळीच गेल्या." कोड ठीक असेलही. पण पेशंट सोडून संगणकात आकडे भरायला वेळ कोणाकडे होता? तेव्हा माझी पहिली अट हीच, की नर्सला एकही नवा फॉर्म भरायला लावायचा नाही. केस पेपरची वेळ, अॅडमिशन नंबर निघाल्याची वेळ, वॉर्डात पेशंट घेतल्याची वेळ, हे तिन्ही शिक्के कुठेतरी पडतातच. त्यांची वजाबाकी करायला आमच्यासारखी रिकामटेकडी डोकी पुरेत.

मला मोठी पट्टी नको, दोनच आकडे हवेत. आत्ता किती जण पोचल्यापासून ६ तासांहून जास्त वेळ खालीच आहेत, आणि सगळ्यात जुन्याला किती तास झाले. सरासरी तर मुळीच नको. नऊ जण अर्ध्या तासात सुटले आणि एक १४ तास पडून राहिला तर सरासरी दोन तासांच्या आत येते आणि चौदा तासवाला गायब होतो. आणि या आकड्यांवरून कोणाचाही पगार कापायचा नाही, नाहीतर रंगाने नंबर टाकायला वेळ लागणार नाही.

हे सगळं ताईला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "स्क्रीन लावणार कुठे?" मी म्हटलं, अर्थात कॅज्युअल्टीत. "तिथे कशाला? आम्हाला दिसतंच आहे. बिलिंगच्या काउंटरवर लाव, आणि दुसरी सुपरिटेंडेंट साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या खुर्चीसमोर."