गॅरेज, बाबा आणि दीड टन

‘एसी? आणि तो गॅरेजला?’ आईने निवडायला घेतलेली कोथिंबीर खाली ठेवली. ‘उद्या स्कूटरला दुलई शिवायला सांगशील!’

तर मंडळी, सीन असा आहे. आमचं घर पुण्यातलं जुनं, बैठं. बाजूला १० बाय १८ फुटांचं गॅरेज. वर लोखंडी पत्रा, समोर रोलिंग शटर, आणि ते शटर नेमकं पश्चिमेला. घरात आई, बाबा, बायको, दीड वर्षाची चिमुरडी आणि तिचा आवाज. या आवाजात क्लायंट कॉल घेणं म्हणजे लग्नाच्या बँडसमोर उभं राहून प्रेझेंटेशन देणं. आठवड्यातले तीन दिवस वर्क फ्रॉम होम. म्हणून ठरवलं, गॅरेजमध्ये ऑफिस टाकायचं. एक टेबल, एक खुर्ची, वायफाय. झालं!

काही झालं नाही. एप्रिलच्या एका दुपारी तीन वाजता तिथे थर्मामीटर नेऊन ठेवला. आकडा ४४. लॅपटॉपचा पंखा असा घोंघावायला लागला की वाटलं, आता हा उडणार.

कूलर आणून पाहिला. पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर चांगलं काम करतो, पण त्याला शटर अर्धं उघडं लागतं. म्हणजे कॉलवर मी आणि भंगारवाला, दोघेही. शिवाय जूनमध्ये हवा दमट झाली की तो फक्त ओला वारा मारतो. चाकांचा पोर्टेबल एसी? त्याची एकच नळी खोलीतली हवा बाहेर फेकते आणि तेवढीच गरम हवा शटरच्या फटींतून आत येते. विंडो एसी लावायचा तर मुळात विंडो हवी. राहिला स्प्लिट. भिंतीत एक भोक, आत एक डबा, बाहेर एक डबा. डक्ट नाही, तोडफोड नाही.

शोरूममध्ये गेलो. सेल्समनने ‘पत्रा’ हा शब्द ऐकला आणि त्याचे डोळे चमकले. ‘सर, दोन टन! डोळे झाकून.’

आता हा टन म्हणजे मशीनचं वजन नव्हे (आईचा तोच समज होता). एक टन बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून उपसायची ताकद म्हणजे एक टन. आकड्यांत तासाला १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॅट. ढोबळ हिशेब असा, की १०० ते १२० चौरस फुटांना एक टन. माझं गॅरेज १८० चौरस फूट, म्हणजे दीड टन. पत्रा आणि पश्चिमेचं ऊन धरलं तर दोन. सेल्समन अगदीच थापा मारत नव्हता.

तरी कार्ड स्वाइप करायच्या आधी एका मित्राला फोन लावला. हा मोठमोठ्या इमारतींच्या एसीचीच कामं करतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘अरे, भोक पडलेल्या बादलीला मोठा नळ कशाला लावतोयस? आधी भोक बुजव. आणि एक सांग, स्कूटर कुठे जाणार?’

स्कूटर! तिची ओळख करून द्यायची राहिलीच. बाबांची बजाज चेतक, टू-स्ट्रोक. ज्या काळात स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं, त्या काळातली. बाबा आता ७२ वर्षांचे. रोज सकाळी गॅरेजमध्ये जाऊन तिला किक मारतात, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवतात, पुसतात. मग शेजाऱ्यांचे मिक्सर, इस्त्र्या, रेडिओ उघडून बसतात. रिटायर झाल्यापासून त्यांचं ऑफिस तेच. आणि मी बिनधास्त सांगून मोकळा झालो होतो, ‘बाबा, स्कूटर आत एका कोपऱ्यात राहू दे की. एसीत गंजणारसुद्धा नाही!’

मित्र फोनवर क्षणभर गप्प झाला. मग त्याने जे सांगितलं ते तुम्हीही नीट वाचा. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा तो फिरवून फिरवून थंड करतो. आपण थंडावा टिकावा म्हणून फटी बुजवणार, शटर बंद ठेवणार. त्यात कुणी इंजिन चालू केलं, तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साठत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, चक्कर येते, आणि माणूस खाली पडेपर्यंत काय झालं ते कळत नाही. ‘उन्हाळ्यात सकाळी तू एसी लावून ठेवणार, बाबा सवयीने किक मारणार. पेट्रोलची वाफ आणि थिनरचे डबे आहेत ते वेगळेच.’

घरी आलो तर स्कूटर गॅरेजमध्ये नव्हती. बाबांनी स्वतःच ती बाहेर काढून आंब्याच्या झाडाखाली लावली होती, वर जुनी चादर. हत्यारांची पेटी जिन्याखाली. ‘तुझं काम महत्त्वाचं,’ एवढंच म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

त्या रात्री मी एसीचे रिव्ह्यू बंद केले आणि कागदावर गॅरेज काढलं. मला १८ फूट कशाला हवेत? मी काय आत क्रिकेट खेळणार आहे?

पुढचे ७ फूट बाबांचे. स्कूटर, पेटी, स्टूल, आणि शटर उघडं ठेवून काम. मागचे ११ फूट माझे. मध्ये वरपर्यंत बंद पार्टिशन, त्यात दार नाहीच. माझी ये-जा घराच्या बाजूने. म्हणजे थंड करायची जागा उरली ११० चौरस फूट. पत्र्यावर बाहेरून पांढरा हीट-रिफ्लेक्टिव्ह रंग, आतून रॉकवूल भरलेलं फॉल्स सीलिंग. (तुमच्याकडे जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला ड्रिल अजिबात लावू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात जाते.) पश्चिमेचं ऊन आता बाबांच्या सात फुटांतच अडतं, पण तोवर चार वाजतात आणि त्यांच्या चहाची वेळ होते. सगळं झाल्यावर पुन्हा दुपारी तीनला थर्मामीटर ठेवला. एसी नसताना ३६!

दोन टनांची गरज संपली. एक टन इन्व्हर्टर पुरला. गरजेपेक्षा मोठा घेतला असता तर मशीन झटकन थंड करून झोपी गेलं असतं आणि पावसाळ्यात खोली थंड पण चिकट राहिली असती. हवेतला ओलावा काढायला एसीला चालत राहावं लागतं.

बाकी टिप्स पटापट. स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तासांच्या हिशेबाने. मी रोज ८ तास, महिन्याचे १३ दिवस, पाच महिने धरले तर होतात ५२० तास, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा. भर दुपारचा वापर म्हणून थोडं जास्त धरा. पण महावितरणचा दर युनिट वाढतील तसा चढत जातो, म्हणून एसीचे युनिट घरच्या बिलाच्या वर रचून हिशेब करा. बाहेरचा डबा हवेशीर भिंतीवर हवा. आमचा मागच्या बोळात आहे. बाबांच्या सात फुटांत लावला असता तर माझी सगळी उष्णता त्यांच्या डोक्यावर! वायरिंग आणि एमसीबी स्वतंत्र घ्या. आणि फिटिंगवाल्याला व्हॅक्यूम पंप आणायलाच लावा. ‘गॅस सोडून हवा काढतो साहेब,’ म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

वाचलेले पंधरा हजार सीलिंगवाल्याने आणि सुताराने नेले. हिशेब शून्य. पण बिल दर महिन्याला कमी येतं.

सध्या माझा दिवस असा सुरू होतो. पार्टिशनपलीकडे शटर खडखडत वर जातं. एक किक, दोन किक, तिसरीला चेतक खोकते आणि सुरू होते. परवा कॉलवर बंगलोरच्या मॅनेजरने विचारलं, ‘व्हॉट्स दॅट साउंड?’

म्हटलं, ‘शेजारचं ऑफिस. आमच्याआधी उघडतं.’