आधी पोहोच, मग वेग



अलीकडे बाजारात, बसथांब्यावर, किंबहुना शाळेच्या ओसरीवरही एक प्रश्न वारंवार कानी येतो : "तुझ्या मोबाईलला वेग किती?" वेगाची ही आवड अस्वाभाविक नव्हे. परंतु वेगाची चिंता त्याने करावी ज्याच्या दारी वाट आली आहे. ज्याच्या वस्तीस वाटच नाही, त्याला वेगाचे काय कौतुक? बिनतारी संदेशवहनाची थोरवी वेगाने मोजावी की पोहोचीने, याविषयी दोन शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम वेग कसा वाढतो ते पाहू. आपला केळापूर तालुका कापसाचा. तेव्हा दाखलाही कापसाचाच घेऊ. एका शेतकऱ्याचा कापूस जिनिंगला न्यावयाचा आहे व तो एका बंडीत मावत नाही. तो तीन बंड्या भरतो. एक डांबरी सडकेने, दुसरी कच्च्या रस्त्याने, तिसरी पांदणीने निघते आणि जिनिंगच्या फाटकाशी तिन्हींचा माल पुन्हा एकत्र होतो. 'कॅरिअर ॲग्रिगेशन', म्हणजे वाहक-लहरींचे एकत्रीकरण, ते हेच होय. टॉवर एकाच मजकुराचे भाग निरनिराळ्या लहरींवर चढवितो व मोबाईल ते जोडून घेतो. चौथ्या पिढीच्या व्यवस्थेत एका वाहक-लहरीस फार तर २० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा मिळतो; २०११ साली निश्चित झालेल्या प्रमाणकाने असे पाच पट्टे जोडून १०० मेगाहर्ट्झपर्यंत जाण्याची सोय केली. आपल्या देशात कंपन्यांचे पट्टे सलग नसून ८५०, १८००, २३०० मेगाहर्ट्झ असे विखुरलेले आहेत. सबब येथे ही युक्ती विशेष उपयोगी पडली.

पण या युक्तीला एक मर्यादा आहे. खालच्या पट्ट्यातील लहरी दूरवर जातात, परंतु तेथे जागा थोडी असल्याने माल थोडाच वाहतात. वरच्या पट्ट्यातील लहरी पुष्कळ माल वाहतात, परंतु त्यांची धाव तोकडी. म्हणून टॉवरपासून आपण जसजसे दूर जावे, तसतशी एकेक बंडी मागे राहते. शेवटी पांदणीची एकटी उरते, आणि टेकडीआड तीही दिसेनाशी होते. एकत्रीकरण म्हणजे बेरीज आणि बेरजेचा नियम सर्वांस ठाऊकच आहे : शून्यात शून्य मिळविले असता शून्यच उरते. पांढरकवड्याच्या चौकात या विद्येने वेग दुप्पट होईल. पण ज्या कोलाम पोडावर एकही लहर पोहोचत नाही, तेथे तिचा काडीमात्र उपयोग नाही.

तेथे उपग्रहाचे कार्य सुरू होते. पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह एकाच जागी स्थिर भासेल व त्याच्याकरवी सर्व जगाशी बोलता येईल, ही कल्पना आर्थर क्लार्क यांनी १९४५ साली मांडली. १९७१ साली पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे (ही आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील आर्वी नव्हे) उपग्रहामार्फत परदेशाशी संभाषण करणारे भारतातील पहिले व्यापारी भूकेंद्र उभे राहिले. पुढे १९८१ साली 'ॲपल' हा भारतीय दळणवळण उपग्रह उड्डाणापूर्वीच्या एका चाचणीसाठी बैलगाडीवर ठेवण्यात आला होता, कारण लोखंडी मोटारीमुळे त्या चाचणीत व्यत्यय येत असे. आपल्या बंडीची आकाशाशी अशी जुनी ओळख आहे!

त्या उंचीवरून शब्द जाऊन येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. हा विलंब टाळण्यासाठी आता सुमारे ५५० किलोमीटर उंचीवर उपग्रहांचे थवेच्या थवे फिरतात. त्यांतील प्रत्येक दीड तासात पृथ्वीप्रदक्षिणा करतो. एक क्षितिजाआड जाताच दुसरा त्याची जागा घेतो. त्यांना डोंगर आडवा येत नाही, नदी आडवी येत नाही. मात्र तेही सर्वसमर्थ नव्हेत. एका उपग्रहाचा झोत विस्तीर्ण प्रदेशास वाटून द्यावा लागतो, म्हणून दाट वस्तीच्या शहरास तो पुरा पडत नाही. त्याच्या तबकडीस मोकळे आकाश व वीज लागते, आणि मुसळधार पावसात तिचा संदेश क्षीण होतो. तात्पर्य, बाजारपेठेस टॉवर व पोडास उपग्रह अशी कामाची वाटणी शहाणपणाची ठरेल.

हा प्रश्न केवळ करमणुकीचा असता तर एवढा ऊहापोह केला नसता. २०२० साली महामारीने शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्याच्या घरी लहर पोहोचली त्याचा अभ्यास कसाबसा चालला. इतरांचा मागे पडला. वेचणीच्या दिवसांत कोणास सर्पदंश झाला, तर १०८ क्रमांक लागणे व न लागणे यांत जीव आणि मृत्यू यांचे अंतर असते. टिपेश्वरच्या जंगलाकाठी वाघाची वर्दी वेळेवर पोहोचणेही तितकेच मोलाचे.

शासनास याची जाणीव नाही असे म्हणता येणार नाही. २०२२ साली केंद्र सरकारने २४,६८० वंचित गावांत ४जी सेवा नेण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने उपग्रह-सेवेसाठी स्टारलिंक कंपनीशी इरादापत्र केले. त्या प्रसंगी गडचिरोली, नंदुरबार, वाशीम व धाराशिव या जिल्ह्यांची नावे घेण्यात आली. शेजारच्या वाशीमचे नाव आले याचा आनंदच आहे. पण यवतमाळातील पोडांची गरज त्याहून उणी नाही, हे आपणच सांगितले पाहिजे. आमचे नम्र मत असे की, घरोघरी तबकडी परवडणार नाही हे मान्य करून लहर न पोहोचणाऱ्या प्रत्येक पोडाच्या शाळेत किंवा अंगणवाडीत सार्वजनिक खर्चाने एक तबकडी व तिच्यासाठी सौर विजेची सोय प्रथम व्हावी. शहराचा वेग त्यानंतर खुशाल वाढावा.

आपल्या शाळेत प्रत्येक मुलाने ती गोष्ट ऐकली आहे : शंभरांपैकी एक मेंढरू चुकले, तेव्हा मेंढपाळ नव्याण्णव मेंढरे ठेवून त्या एकाच्या शोधास निघाला. नव्याण्णवांची खबर तर सारेच घेतात. त्या एकापर्यंत जाणे हीच विद्येची खरी कसोटी होय. विद्यार्थिमित्रहो, लहरींचे गणित मन लावून शिका. तुमच्यापैकी कोणी उद्या अभियंता झाला, तर नकाशावरील शेवटच्या ठिपक्यापासून त्याने आपले काम आरंभावे, एवढीच इच्छा व्यक्त करून लेखणी आवरती घेतो.