आजन्म वॉरंटी – कोणाच्या जन्माची?

विजेवर चालणारी गाडी दारात उभी राहिली की शेजाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आपल्याकडे तो दोन भाषांत विचारला जातो एवढेच. ‘एका चार्जिंगमध्ये किती पळते हो?’ नाहीतर ‘ओंद चार्जिगे एष्ट ओडतदरी?’ दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात येतो, ‘आणि बॅटरी गेली तर?’ पूर्वी या प्रश्नाला मालक गप्प बसायचा. आता त्याच्याकडे उत्तर तयार असते, ‘आजन्म वॉरंटी आहे!’

मी कॉलेजात मराठी शिकवते. मोटारीतले मला फारसे कळत नाही, पण शब्द नीट वाचायची सवय आहे. म्हणून ‘आजन्म’ हा शब्द कानावर पडला की मनात येते, जन्म कोणाचा? गाडीचा, बॅटरीचा की मालकाचा?

सरळ कागद काढून पाहावा. २०२५ साली टाटा मोटर्सने हॅरियर ईव्ही आणली तेव्हा बॅटरीला आजन्म वॉरंटी जाहीर केली. पुढे कर्व्ह ईव्ही आणि ४५ किलोवॅट-तासांची नेक्सॉन ईव्ही यांनाही ती मिळाली. तिथे आजन्म म्हणजे पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे, आणि तीही पहिल्या नोंदणीकृत मालकासाठी. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांनाही पहिल्या खासगी मालकापुरती आजन्म वॉरंटी आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की ती १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तिथवर येते. एमजी विंडसरच्या बाबतीत दुसऱ्या मालकासाठी हीच मर्यादा ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे. म्हणजे जन्म गाडीचाही नाही आणि बॅटरीचाही नाही. जन्म आहे तो आर.सी. बुकावरच्या पहिल्या नावाचा.

हे मला कळले ते लोधीखेड्याला. माझी थोरली बहीण तिथे दिली आहे. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे हे गाव सौंसर तालुक्यातले, आणि २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यातले. आपल्या वाचकांना ते लांबचे वाटेल, पण नाते जवळचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात आला आणि सौंसरकडचा मराठी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. आपण घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलतो, तसे तिकडचे लोक घरात मराठी आणि कचेरीत हिंदी बोलतात. मोठी खरेदी, दवाखाना, मुलांचे शिक्षण यांसाठी हद्द ओलांडायची, ही सवयही सारखीच.

ताईच्या घरची विजेची गाडी अशीच नागपूरच्या शोरूममधून आलेली. घरात ज्येष्ठ म्हणून ती ताईच्या सासऱ्यांच्या नावावर घेतली. त्यांचे वय ७८. गाडी चालवतात भाऊजी, आणि वर्षभराने ती पुण्यात नोकरी करणाऱ्या भाच्याच्या नावावर करायची असे घरात ठरलेले. आपल्याकडेही असेच चालते. स्कूटर बापाकडून मुलाकडे येते, शिलाई मशीन सासूकडून सुनेकडे. वस्तू घरातच राहिली, मग मालक बदलला असे कोण म्हणेल?

वॉरंटीचा कागद म्हणतो. मी गेले होते तेव्हा भाऊजींनी शोरूमला ई-मेल करून विचारले. उत्तर आले की गाडी नातवाच्या नावावर झाली तरी तो दुसरा मालकच, आणि वॉरंटी वर्षांच्या व किलोमीटरच्या मर्यादेत येणार. ते वाचून दाखवल्यावर सासरे खाटेवरून हसत म्हणाले, ‘‘म्हंजे बॅटरीच्या पायी आता मलेच जगा लागते म्हना की!’’ सगळे हसले. ताई मात्र हसली नाही. बॅटरी हा विजेच्या गाडीतला सर्वांत महागडा भाग. तो पुढे बदलायची वेळ आली तर पैसे कोणाच्या खिशातून जाणार, हा प्रश्न त्या हसण्याखाली होताच.

त्याच मुक्कामात दुसरी गोष्ट घडली. गाडीला कंपनीकडून नवे सॉफ्टवेअर आले. रात्री अंगणात उभ्या गाडीत ते आपोआप भरले गेले. सकाळी पूर्ण चार्ज झालेल्या गाडीच्या पडद्यावर ३१० किलोमीटरऐवजी २७० दिसू लागले. ताई घाबरली. रात्रीत चाळीस किलोमीटर गेले कुठे? सर्व्हिस सेंटरला फोन केला तर एकच उत्तर, ‘‘मॅडम, नॉर्मल है.’’ ‘नॉर्मल’ हा शब्द कागदावर लिहून द्या म्हटले, तर फोन दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. शेवटी भाऊजी गाडी घेऊन नागपूरला गेले आणि बॅटरीच्या तब्येतीचा अहवाल छापून घेऊनच परतले. त्यात ९७ टक्के लिहिले होते. बॅटरी ठणठणीत होती, बदलला होता तो अंदाज.

इथे थोडे समजून घेऊ. पडद्यावरचे किलोमीटर म्हणजे बॅटरीची ताकद नव्हे. अलीकडे गाडी कशी चालवली, ए.सी. किती लावला, रस्ता चढाचा की सपाट, यांवरून गाडीने केलेला तो अंदाज असतो. बॅटरीची तब्येत म्हणजे नवी असताना तिच्यात जेवढी वीज मावत होती, त्याच्या किती टक्के आता मावते हा आकडा. कित्येक वॉरंट्या याच आकड्याला बांधलेल्या असतात. बंगळूरच्या एथर कंपनीने आपल्या स्कूटरसाठी काढलेल्या वाढीव वॉरंटीत ८ वर्षे किंवा ८० हजार किलोमीटरपर्यंत किमान ७० टक्के तब्येतीची हमी आहे. म्हणजे ३०० किलोमीटर जाणारी गाडी २१० वर आली तरी अशा हिशेबात ती ‘चांगली’च.

आता हा टक्का मोजतो कोण? बॅटरीच्या आत तिचा एक मुनीम बसलेला असतो. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम असे त्याचे नाव. किती वीज आली, किती गेली, कोणता सेल तापला, याची वही तो लिहितो. पण हा मुनीम कंपनीचा माणूस आहे, आणि सॉफ्टवेअर बदलले की त्याची हिशेबाची पद्धतही बदलू शकते.

दूरवरून बॅटरीत हात घालण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. २००१ साली रस्त्यावर आलेली ‘रेवा’ ही छोटी विजेची गाडी बंगळूरचीच. २००९ मध्ये त्या कंपनीने फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात एक सोय दाखवली होती. वाटेत चार्ज संपला तर फोन किंवा एसएमएस करायचा, मग कंपनी दुरूनच बॅटरीतला राखीव साठा मोकळा करणार. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, ती कंपनी महिंद्राकडे गेली.

सॉफ्टवेअरने मालकाचे भले होते याचा दाखलाही जवळचाच आहे. पुण्याजवळ रांजणगावला बनणाऱ्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सची प्रमाणित रेंज ४३७ किलोमीटर होती. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने ती ४५३ वर गेल्याचे जाहीर केले आणि जुन्या मॅक्स मालकांनाही १५ फेब्रुवारीपासून सर्व्हिस सेंटरमध्ये हे अपडेट फुकट दिले. बॅटरी तीच, मालक तोच, पण गाडी सोळा किलोमीटर पुढे गेली.

उलटेही घडते. २०१९ मध्ये टेस्लाच्या काही मॉडेल एस गाड्यांची चार्ज होण्याची कमाल मर्यादा एका अपडेटने खाली आली. मालक कोर्टात गेले. २०२१ मध्ये १५ लाख डॉलरची तडजोड झाली आणि १,७४३ गाड्यांमागे प्रत्येकी ६२५ डॉलर ठरले. ह्युंडाईच्या कोना गाडीत आगीच्या घटना घडल्या तेव्हा कोरियात २०२० मध्ये आधी सॉफ्टवेअरचे अपडेट दिले गेले. जानेवारी २०२१ मध्ये अपडेट केलेलीच एक गाडी पेटली. त्यानंतर महिन्याभरात जगभरातल्या सुमारे ८२ हजार गाड्यांच्या बॅटऱ्या बदलण्याचा निर्णय झाला. जे काम बॅटरी बदलण्याचे होते, ते अपडेटने भागले नाही.

तिसरा प्रकार सर्वांत बोधप्रद आहे. न्यूझीलंडमधल्या निसान लीफच्या मालकांनी आपापल्या गाड्यांच्या नोंदी एकत्र केल्या. ३० किलोवॅट-तासांच्या गाड्यांची तब्येत भराभर उतरताना दिसत होती. २०१८ मध्ये कंपनीने तपासले तेव्हा कळले की बॅटऱ्या तितक्या खराब नव्हत्याच, मुनीमच चुकीचे लिहीत होता. नवे सॉफ्टवेअर घातल्यावर आकडे सुधारले. पण हे उजेडात आले कशामुळे? मालकांनी स्वतःच्या नोंदी ठेवल्या म्हणून.

आपण शिकायचे ते इथे. दूधवाला त्याची वही ठेवतो, तरी आपण कॅलेंडरवर खुणा करतोच ना? त्यात दूधवाल्यावर अविश्वास नसतो. महिनाअखेर दोन हिशेब समोरासमोर असले की भांडण होत नाही, एवढेच. विजेच्या गाडीचेही तसेच करावे. घरात एक वही असावी. अपडेट येण्याआधी आणि नंतर, पूर्ण चार्जवर किती किलोमीटर दिसतात ते तारखेसह लिहावे, पडद्याचा फोटो काढून ठेवावा. वर्षातून एकदा सर्व्हिसिंगच्या वेळी बॅटरीच्या तब्येतीचा छापील अहवाल मागून घ्यावा. तोंडी उत्तर मिळाले तर तेच ई-मेलवर मागावे.

अपडेटला घाबरून ते टाळू मात्र नये. त्यात सुरक्षिततेच्या दुरुस्त्या असतात. शिवाय टेस्लाच्या वॉरंटीसारख्या काही वॉरंट्यांत, सूचना मिळूनही अपडेट न घेतल्याने झालेले नुकसान धरले जात नाही. गाडीत एलएफपी प्रकारची बॅटरी असेल तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे अधूनमधून ती पूर्ण शंभर टक्के चार्ज करावी, नाहीतर मुनीमाचा अंदाज चुकत जातो. बाहेरच्या मेकॅनिककडून बॅटरी उघडणे, पुराच्या पाण्यात गाडी घालणे, गाडी महिनोन् महिने रिकाम्या चार्जवर उभी ठेवणे, या गोष्टी बहुतेक वॉरंट्यांत बसत नाहीत.

आणि गाडी घेण्याआधी घरात बसून ठरवावे की आर.सी. बुकावर पहिले नाव कोणाचे? मान म्हणून वडिलांचे, की जो दहा-पंधरा वर्षे ती चालवणार त्याचे? २०२१ पासून आर.सी.मध्ये नॉमिनीचे नाव घालता येते. ते जरूर घालावे. पण नॉमिनीला गाडी मिळणे आणि वॉरंटी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकाच्या पश्चात गाडी वारसाकडे गेली तर वॉरंटीचे काय, हे पैसे भरण्याआधी कंपनीकडून लेखी घ्यावे. हा प्रश्न अशुभ वाटेल, पण विम्याच्या फॉर्मवर तो आपण विचारतोच.

हद्दीवरच्या आपल्यासारख्यांना आणखी एक भीती असते. गाडी कोल्हापूरची, घर बेळगावचे, मग भांडायचे कुठे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही अडचण दूर केली आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तो जाऊ शकतो. ५० लाखांपर्यंत किंमत मोजलेल्या मालाची तक्रार जिल्हा आयोगात चालते, आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. लोधीखेड्याच्या माणसाला नागपूरच्या शोरूमविरुद्ध नागपुरात खेटे घालायची गरज नाही, तशी निपाणीच्या माणसाला कोल्हापुरातही नाही.

ताईच्या घरी गाडी तूर्त सासऱ्यांच्याच नावावर ठेवायचे ठरले आहे. वारसाबाबत कंपनीला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायचे आहे. वही मात्र सुरू झाली आहे. शाळेची शंभर पानी वही, पहिल्या पानावर हळदकुंकू, आणि त्याखाली तारीख, किलोमीटर, टक्के.

विजेची गाडी चांगलीच आहे. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलच्या रांगा नाहीत. पण तिच्याबरोबर घरात एक नवा हिशेब येतो, आणि तो दुसऱ्याच्या हाती सोडून चालत नाही. कंपनी तिची वही ठेवणारच. आपणही आपली ठेवूया.